पागेंतील साथ

शालिहोत्र हें नांव आपल्याकडे अश्ववैद्यकाशीं कायमचें जडून गेलें आहे. आणि अज्ञातवासांत नकुलानें विराटाच्या पदरीं राहून घोड्यांची निगा पत्करिली, ही कथा तर घरांतील लहान मुलांसही ठाऊक असते. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण घातलें असून, पागेंतील व्यंग असलेल्या व रोगी घोड्यांची वर्दी त्यानें वर द्यावी, असें त्यांत सांगितलें आहे. आज घोड्यांच्या बळावर राज्यें चालत नाहींत, हें खरें. परंतु पागेंत साथ शिरली म्हणजे काय होतें, आणि ती कशी आवरावी लागते, याचा एक मोठा धडा २००७ सालीं ऑस्ट्रेलिया देशास मिळाला. घोडा न पाळणाऱ्या आपणां गृहस्थांसही तो उपयोगी पडण्यासारखा आहे.

ती साथ घोड्यांच्या इन्फ्ल्यूएंझाची होती. रोगाची लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत घोड्यास सणसणून ताप भरतो, कोरडा खोकला लागतो, नाक वाहूं लागतें, आणि समोरची चंदी तो तशीच सोडतो. जाणतें घोडें यानें सहसा दगावत नाहीं. लहान शिंगरांस मात्र फुफ्फुसाचा दाह होऊन तीं दगावूं शकतात. खरें भय आहे तें त्याच्या वेगाचें. ज्या देशांत हा रोग पूर्वीं नव्हता व घोड्यांस लस टोचलेली नाहीं, तेथें तो एका पागेंत शिरला कीं बहुधा एकही घोडें सुटत नाहीं. ऑस्ट्रेलियांत तो तोंपर्यंत कधींच आलेला नव्हता.

तो आला कसा, हें पाहण्यासारखें आहे. शर्यतीच्या जातिवंत घोड्यांची पैदास उत्तर गोलार्धांत वसंत ऋतूंत होते. आणि तिकडील मोसम संपला म्हणजे कांहीं नामांकित घोडे विमानानें दक्षिणेस नेतात, कारण तेथें वसंत सप्टेंबरांत सुरू होतो. अशा परदेशी घोड्यांस कांहीं दिवस वेगळें ठेवण्यासाठीं सिडनीजवळ ईस्टर्न क्रीक येथें सरकारी विलगीकरणाचें ठाणें होतें. ऑगस्ट २००७ मध्यें जपानांत ही साथ चालू होती, आणि जपानांतून आलेले घोडे त्या ठाण्यांत होते. भिंती होत्या, कुंपण होतें, नियमही होते. तरी रोग बाहेर पडला. १७ ते १९ ऑगस्टला मेटलंड गांवाजवळ घोडेस्वारांचा एक मेळावा भरला, आणि तेथून आपापल्या गांवीं परतलेल्या घोड्यांबरोबर साथ दूरवर पांगली. २४ तारखेस सिडनींतील सेंटेनियल पार्कच्या तबेल्यांत तिचें नांव कळलें. दुसऱ्याच दिवशीं सरकारनें हुकूम काढला कीं, देशांतील एकही घोडें आहे त्या जागेवरून हलवूं नये.

या हुकुमाची झळ ज्यांस लागली त्यांची स्थिति ध्यानांत आणावी. क्वीन्सलंड प्रांतांत वॉरविक येथें स्पर्धेसाठीं जमलेलीं माणसें आपल्या घोड्यांसह तेथेंच अडकून पडलीं, आणि कित्येक आठवडे त्यांस घर दिसलें नाहीं. सिडनीच्या शर्यती बंद पडल्या. हंटर खोऱ्यांतील पागांवर तर ऐन मोसमांत संकट कोसळलें. कारण या जातीच्या पैदाशींत कृत्रिम रेतन नियमानें वर्ज्य आहे, घोडीस घोड्याकडे न्यावेंच लागतें, आणि नेणें तर बंद. घोडी अकरा महिने गाभण असते. एक मोसम चुकला म्हणजे वर्षाचें उत्पन्न बुडालें. नालबंद, मोतद्दार, चारा विकणारे, सर्वांच्याच चुलीपर्यंत ही आंच पोंचली.

पागेच्या आंत काय करावें लागलें? रोज घोड्यांचा ताप मोजून तो वहींत टिपून ठेवावयाचा. आजारी जनावर वेगळें बांधावयाचें. आणि त्याची बादली, लगाम, खरारा वेगळा ठेवावयाचा. निरोग्यांचें दाणापाणी आधीं, रोग्यांचें शेवटीं. आणि मध्यें हातपाय धुवून कपडे बदलावयाचे. ताप उतरल्यावरही घोड्यास लगेच जुंपावयाचें नाहीं. जितके दिवस ताप तितके आठवडे विश्रांति, असा अश्ववैद्यांचा ठोकताळा आहे. सरकारनेंही बाधित मुलखाभोंवतीं लस टोचून एक कडें उभें केलें. सुमारे ७६,००० घोडीं आजारी पडलीं, सुमारे १०,००० ठिकाणीं रोग पोंचला. परंतु तो दोनच प्रांतांत अडकून राहिला, आणि डिसेंबरअखेर थांबला. शेजारच्या व्हिक्टोरिया प्रांतांत नोव्हेंबरांतील मेलबर्न कपाची शर्यत ठरल्याप्रमाणें पार पडली.

पुढें निवृत्त न्यायमूर्ति इयान कॅलिनन यांनीं चौकशी केली. त्यांचा निष्कर्ष असा कीं, रोग ठाण्याबाहेर गेला तो बहुधा घोड्याबरोबर नव्हे, तर माणसाच्या अंगावरून किंवा त्याच्या सामानावरून. मोतद्दार, वैद्य, नालबंद यांची जा-ये होती. परंतु बाहेर पडतांना अंग धुणें व कपडे बदलणें यांवर कोणाची नीट देखरेख नव्हती. हा विषाणु साध्या साबणानें मरतो. जें एका तांब्याभर पाण्यानें टळण्यासारखें होतें, त्यासाठीं साऱ्या देशाचे घोडे खुंट्यास बांधावे लागले!

आपल्या घरांत सोवळें-ओंवळें पिढ्यान् पिढ्या चालत आलें. त्यांतील पुष्कळसा भाग माणसानें माणसास दूर लोटण्यांत खर्ची पडला, हें नाकारतां येणार नाहीं. विषाणु जात पाहत नाहीं, हात पाहतो. ईस्टर्न क्रीकचें कुंपण हें असलेंच एक सोवळें होतें. मर्यादा आंखलेली, पण ती ओलांडणाऱ्याचे हात न धुतलेले. शौच हा शब्द आपल्या शास्त्रकारांनीं योजिला, त्याचा अर्थ शुद्धि. आणि शुद्धि ही ज्याची त्यानें स्वतःची करावयाची असते, दुसऱ्यास बाजूस सारून ती साधत नाहीं.

आणि दुसरी गोष्ट वर्दीची. मुंज चार दिवसांवर आली असतां नातवाच्या अंगांत ताप भरतो. आजी म्हणते, हवा बदलली आहे. काका म्हणतात, पाहुण्यांस कळवूं नका, उगाच विरस होईल. बोलण्यांत माया असते, पण त्याच मांडवांत दुसऱ्याचें तान्हें मूल येणार असतें, आणि कोणाची दम्यानें जर्जर झालेली आईही. घोड्यांच्या मालकांनीं वर्षाचें उत्पन्न डोळ्यांदेखत जात असतांही खोकल्याची वर्दी दिली, म्हणूनच ती साथ हटली. ज्यांच्या घरीं येत्या महिन्यांत कार्य आहे, त्यांनीं पाहुण्यांच्या यादीखालीं एवढें लिहून ठेवावें: घरांत ताप आला तर सर्वांस कळवावें, आणि तिथि पुढें ढकलण्यांत कमीपणा मानूं नये. मुहूर्त दुसरा काढतां येतो.