पदरमोडीची सेवा

‘आता वय झाले महाराज. आता आमच्याकडून कसली सेवा होणार? हरी हरी करत बसायचे, झाले.’

हे वाक्य आपल्या मंडळींत इतक्या वेळा कानी पडते, की ते एखाद्या संताचे वचन असावे असा नव्या माणसाचा समज व्हावा. ते संतवचन नाही. ती आपली सोय आहे. नामाच्या आडोशाला बसून ती सांगितली जाते, म्हणून तिचा समाचार घेणे प्राप्त आहे. त्यासाठी जो दृष्टांत मी घेणार आहे तो परक्या देशातला आणि परक्या पंथाचा आहे. काहींना तो रुचणार नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकावे आणि मग खुशाल खंडन करावे.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठावर नावू नावाचे लहानसे गाव आहे. शिकागोकडच्या आपल्या मराठी मंडळींनी मला कीर्तनासाठी नेले होते, त्या फेरीत तेथे जाणे झाले. जग ज्यांना मॉर्मन म्हणते त्या पंथाचे हे ऐतिहासिक स्थळ. हा पंथ जोसेफ स्मिथ नावाच्या पुरुषाने 1830 साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला. शेजाऱ्यांशी पटेना, म्हणून ही मंडळी ओहायोत गेली, मग मिसुरीत गेली. मिसुरीच्या गव्हर्नरने 1838 साली त्यांना राज्यातून हुसकून लावण्याचा हुकूम काढला. तेव्हा 1839 साली त्यांनी नदीकाठची दलदल उपसून नावू वसवले. हिवतापाने माणसे मेली, पण पाच-सहा वर्षांत सुमारे 12,000 वस्तीचे नगर उभे राहिले. टेकडीवर मंदिर बांधायला काढले. ज्याच्याजवळ पैसा नव्हता त्याने दहा दिवसांतला एक दिवस मंदिराच्या कामावर अंगमेहनत करायची, अशी रीत होती. 27 जून 1844 रोजी जवळच्या कार्थेज गावच्या तुरुंगात जोसेफ स्मिथ आणि त्याचा भाऊ हायरम यांना जमावाने गोळ्या घालून मारले. 1846 च्या फेब्रुवारीत थंडीवाऱ्यात बर्फाळ नदी ओलांडून लोक निघाले, ते ब्रिगहॅम यंगच्या मागे सुमारे 1,300 मैल पश्चिमेला सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. मागे राहिलेले मंदिर 1848 साली कोणी आग लावून जाळले आणि 1850 च्या वावटळीत त्याच्या भिंती पडल्या. ते पुन्हा बांधून 2002 साली उघडले, तेही 27 जूनलाच.

आपली वारी जाते आणि परत येते. त्यांच्या वारीला परतीची वाट नव्हती. एवढा भेद ध्यानात ठेवून पुढे ऐका.

त्या जुन्या गावातली घरे, लोहारशाळा, छापखाना, वीटभट्टी, बेकरी हे सारे आता पूर्वीसारखे उभे केले आहे. ते दाखवायला कोण असते? पगारी गाइड नव्हे. पासष्ट-सत्तरीची माणसे असतात. बहुतेक नवरा-बायको जोडीने, काही एकट्या वयस्कर बायका. कोणी शेतकरी, कोणी मास्तर, कोणी दवाखाना चालवून निवृत्त झालेला. हे लोक स्वतः होऊन अर्ज करतात. मुख्य कचेरीकडून पत्र येते: अमुक ठिकाणी, इतके महिने. सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत मुदत असते. घर कुलूपबंद करायचे, नातवंडांचा निरोप घ्यायचा आणि निघायचे. भाडे, किराणा, पेट्रोल, औषधे, सगळा खर्च स्वतःच्या खिशातून. वेतन नाही आणि मानधनही नाही. छातीवर नावाची काळी पट्टी लावायची. पुरुषाला ‘एल्डर’ आणि बाईला ‘सिस्टर’ म्हणायचे, मग तो घरी कितीही मोठा असो. आज लोहारशाळेत घोड्याच्या नालेचा खिळा वाकवून पाहुण्याला अंगठी करून द्यायची, उद्या आल्याची बिस्किटे वाटायची, परवा बैलांची गाडी हाकायची किंवा दोर वळून दाखवायचा. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला लहानशी वीट भेट मिळते. तिकीट कुठेच नाही.

वीट म्हटल्यावर आपल्याला दुसरे काही दिसत नाही. एकाने आईबापांची सेवा टाकली नाही, म्हणून देवाला विटेवर ताटकळावे लागले, हे आपल्या क्षेत्राचे मूळ आहे. सेवा मोडून देवाकडे धावला नाही, तोच आपला आद्य भक्त. मग सेवेतून सुटका मागण्यासाठी देवाचेच नाव पुढे करणारे आपण कोणत्या पुंडलिकाचे वारस?

आता पूर्वपक्ष ऐकू.

पहिला आक्षेप: ‘महाराज, ते धर्मप्रसारक आहेत. माणसे ओढण्यासाठीच बसवलेले आहेत.’ होय, आपला पंथ वाढावा असे त्यांना वाटते आणि ते हे लपवत नाहीत. नावाच्या पट्टीवरच पंथाचे नाव असते. त्यांचा सिद्धांत मला मान्य नाही. त्यांचा ग्रंथ, त्यांचे संदेष्टे, त्यांचे मंदिरातले विधी यांपैकी काहीही घ्या असे मी सांगत नाही. पण बिस्किट खाल्ले म्हणून माळ तुटेल इतका आपल्या माळेचा दोरा कच्चा आहे काय? दुसऱ्याच्या घरातला केर पाहून आपल्या घरात झाडू मारायची आठवण झाली, तर त्यात धर्म बुडत नाही.

दुसरा आक्षेप: ‘त्यांच्याकडे पैसा आहे. आमच्या म्हाताऱ्यांनी कुठून आणायचा?’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. ही सेवा खर्चाची आहे आणि ज्याची गाठ मोकळी त्यालाच ती पुरती जमते. म्हणून स्पष्ट सांगतो, खुरपे ठेवून, चार दिवसांची मजुरी बुडवून जी माउली डोक्यावर तुळस घेऊन आळंदीहून पंढरीला चालते, तिच्यासाठी हा लेख नाही. तिने नावूच्या कोणाकडूनही शिकण्यासारखे काही उरलेले नाही. मी बोलतो आहे ते निवृत्तिवेतन घेणाऱ्यांशी. शाळेतून, बँकेतून, कचेरीतून निवृत्त झालेल्यांशी. यात्रा कंपनीच्या गाडीत खिडकीची जागा मिळावी म्हणून जे आगाऊ पैसे भरतात, त्यांना तीन महिने एखाद्या क्षेत्री स्वतःच्या खर्चाने राहून दर्शनबारीतल्या म्हाताऱ्यांना पाणी द्यायला सांगितले, की गुडघा दुखू लागतो. तोच गुडघा चारधामला दुखत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जोरकस आहे: ‘आपल्याकडे काय सेवा नाही? शेगावला सेवेकरी पाळीपाळीने येतात. सप्ताहात वीणा रात्रंदिवस खाली ठेवत नाहीत.’ अगदी खरे. मी म्हणतो, आपला हाच गुण आपण विसरलो. विण्याच्या पहाऱ्याला काय असते? वेळ नेमलेली असते. काम नेमलेले असते. रात्री दोनला आपली पाळी असली तर दोनला उठायचे. तेथे कोणी हार घालत नाही आणि छायाचित्र काढत नाही. पुढचा आला की वीणा त्याच्या गळ्यात द्यायची आणि बाजूला व्हायचे. नावूच्या म्हाताऱ्यांची सेवा हीच आहे. मुदतीची आणि वाटून दिलेली. मुदत संपली की पट्टी काढून ठेवायची. आपल्या विण्याच्या पहाऱ्याचा नियम त्यांनी दीड-दीड वर्षाला लावला आहे, इतकेच. आणि आपण? आपण तो नियम मंडपाबाहेर न्यायला तयार नाही. मंडपाबाहेर आपल्याला सेवा नको असते, पद हवे असते. समिती हवी, समितीत नाव हवे, पत्रिकेवर ते नाव जाड अक्षरात हवे. शाल-श्रीफळ घेण्याला आपण ‘सेवा रुजू केली’ म्हणू लागलो.

आम्ही कीर्तनकार यात मागे नाही. हरिकथेचे मोल घेऊ नये ही आपल्या संतांची शिकवण. आज बिदागीचा आकडा आधी ठरतो आणि निरूपणाचा अभंग मागाहून. मोठमोठे आकडे घेणारे व्यासपीठावरून त्याग सांगतात, आणि मागे उभा असलेला सत्तरीचा टाळकरी दोन तास पाय न हलवता उभा राहतो. त्या फडात खरा सेवक कोण, हे निराळे सांगायला नको.

आता त्यांच्या सेवेलाही एक कसोटी लावू, नाहीतर ही नुसती स्तुती होईल.

जो सांगण्याचे पैसे घेत नाही, तो खरे सांगायला मोकळा असतो. त्याला बढती नको, कंत्राट नको, उद्याची नोकरी नको. म्हणून पदरमोड करणाऱ्या म्हाताऱ्यावर इतरांपेक्षा मोठे ऋण असते. त्याने पुरी गोष्ट सांगितली पाहिजे. नावूच्या गोष्टीत जमावाचा जुलूम आहे, तशी दुसरी बाजूही आहे. बहुपत्नीत्वाची चाल जोसेफ स्मिथने तेथे गुप्तपणे चालवली. ती चव्हाट्यावर मांडण्यासाठी पंथातून फुटलेल्यांनी ‘नावू एक्सपॉझिटर’ नावाचे वर्तमानपत्र 7 जून 1844 रोजी काढले. त्याचा एकच अंक निघाला. तीन दिवसांत नगरसभेच्या हुकमावरून तो छापखाना मोडून टाकला गेला, आणि नगराध्यक्ष होता स्वतः जोसेफ स्मिथ. कार्थेजच्या तुरुंगाची वाट येथून सुरू झाली. पुढे 11 सप्टेंबर 1857 रोजी युटाच्या माउंटन मेडोज येथे याच पंथाच्या शिबंदीने सुमारे 120 प्रवासी मारले. छळ सोसलेल्यांनीच छळ केला. काळ्या वर्णाच्या पुरुषांना पुरोहितपद 1978 सालापर्यंत नव्हते.

पाहुण्याला बिस्किटाचा वास लवकर आवडतो. मोडलेल्या छापखान्याची गोष्ट जड जाते. पण चालता छापखाना दाखवणाऱ्याने मोडलेलाही सांगितला पाहिजे. नावूतल्या बहुपत्नीत्वाविषयी त्या पंथाने 2014 साली स्वतःच लेख प्रसिद्ध केला, हे योग्य झाले. आता दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडीही ते असावे. श्रद्धा एवढ्याने मोडत असेल तर ती आधीच तडकलेली होती.

हाच निकष आपल्या दारी आणा. आपल्या क्षेत्रांच्या गोष्टी सांगताना आपण चमत्कार रंगवतो. पण चोखोबांना मंदिराबाहेर राहावे लागले, महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे, आणि 1947 साली साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले तेव्हा कुठे पंढरीच्या मंदिराचे दार सर्वांना उघडले, हे किती जण नातवाला सांगतात? पायरीशी उभे राहून हे सांगायला पगारी माणूस नको. तेथे वारीत केस पांढरे झालेला, कोणाकडून काही न मागणारा म्हातारा हवा. तो घरी बसून ‘आता वय झाले’ म्हणत असेल, तर ही गोष्ट त्याच्याबरोबरच जाईल.

एक शेवटचे. त्याच पंथाचे काही गरीब लोक 1856 साली हातगाड्या ओढत पश्चिमेला चालले होते. दोन तुकड्या उशिरा निघाल्या, वायोमिंगच्या माळावर बर्फात अडकल्या आणि दोनशेहून अधिक माणसे गारठ्याने व भुकेने गेली. सॉल्ट लेकहून लोक अन्न, कपडे आणि गाड्या घेऊन सोडवायला धावले, म्हणून बाकीचे वाचले. त्या माळावर मार्टिन्स कोव्ह नावाची जागा आहे. तेथेही अशीच वयस्कर जोडपी राहतात आणि आलेल्या तरुणांच्या हाती गाडीचा दांडा देतात. ती गाडी ओढून पाहिल्यावर चार पिढ्यांपूर्वीच्या माणसाचे कष्ट त्या पोराच्या खांद्याला कळतात. पुस्तकातून ते कळत नाहीत.

आपल्या पोरांच्या खांद्यावर पताका कोण देणार? चालण्याची शिस्त, ओळीची मर्यादा, चोपदाराचा मान, पंगतीला आधी दुसऱ्याला वाढणे, हे त्यांना मोबाइल शिकवणार नाही. ते शिकवायला ज्यांच्याजवळ वेळ आहे ते आपणच. नाम घेण्याला हात लागत नाहीत, माउली. नाम मुखी राहू द्या आणि हात सेवेला द्या. या आषाढीला निघण्याआधी आपापल्या फडप्रमुखाकडे जाऊन इतकेच म्हणा: ‘मी इतके दिवस मोकळा आहे, खर्च माझा, काम तुम्ही नेमा.’ आणि जे काम मिळेल ते, चपला राखण्याचे असले तरी, मुदत संपेपर्यंत सोडू नका.

राम कृष्ण हरी.