आधी वारा, मग एसी

मार्च उजाडला की जुन्या गाड्या बाळगणाऱ्या मंडळींच्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो: "पद्मिनीला एसी बसवून घेऊ का?" अँबॅसेडरवाल्यांचाही तोच प्रश्न. उत्तर देणाऱ्यांचे सरळ दोन गट. एक म्हणतो, टाका बसवून, उगाच घाम कशाला गाळता? दुसरा म्हणतो, गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली पाहिजे, एक स्क्रूही बदलायचा नाही. मला दोन्ही पटत नाहीत. केबिन थंड करण्याचं काम जरूर करा, पण एसी त्यात सगळ्यात शेवटी येऊ द्या.

जरूर का? कारण उन्हामुळे एप्रिल-मे गाडी उभी, पावसामुळे पुढचे चार महिने उभी. अर्धं वर्ष झालं की! उभ्या गाडीची बॅटरी उतरते, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा साचतो, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, उंदीर वायरी कुरतडतात. मग एक दिवस घरचेच म्हणतात, "काढून टाक आता ती." मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून नवी पद्मिनी निघणं तर कधीच थांबलंय. आता ज्या उरल्यात त्या हौशी लोकांच्या दारातल्या. त्या चालत्या राहायच्या असतील तर मे महिन्यातही त्यांत बसावंसं वाटलं पाहिजे. म्हणून हा चैनीचा प्रश्न नाही, गाडी टिकण्याचा आहे.

आता एसीचा हिशेब. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. कॉम्प्रेसर त्यातले तीन-चार सहज खातो. कंडेन्सर बसतो रेडिएटरच्या पुढे, म्हणजे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे रांगत चढताना हे बरोबर कळतं. डायनॅमो असलेल्या गाडीत ब्लोअर आणि जादाचा पंखा झेपत नाही, सिग्नलला तर डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे ऑल्टरनेटर आला. मग मोठा रेडिएटर, मग नव्या ब्रॅकेट, मग वायरिंग. एक पॅकेज इन्स्टॉल करायला जावं आणि दहा डिपेंडन्सी निघाव्यात, तसला प्रकार. एवढं करूनही दारांचं रबर वाळलेलं आणि पायाखालचा पत्रा उघडा असेल, तर फ्रिजचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघर गार करण्यातलाच प्रकार. आमच्या धंद्यात क्वेरी हळू चालली की न तपासता मोठा सर्व्हर घेणारे असतात, त्यांची आठवण येते.

म्हणून आधी मोजा. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर आता सहज मिळतो. अर्धा तास गाडी चालवून टप, डॅशबोर्ड, पायाखालचा पत्रा आणि इंजिनकडची भिंत यांवर नेम धरा (क्रोमवर नको, चकचकीत पृष्ठभागावर आकडा खोटा येतो). शत्रू कुठे आहे ते लगेच दिसतं. तो बहुतेक वेळा दोन बाजूंनी येतो.

पहिली बाजू ऊन. भर दुपारी उन्हासमोरच्या एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट उष्णता पडते, म्हणजे एक चालू इस्त्री. स्वस्थ बसलेला माणूस टाकतो शंभरेक वॅट. टपाच्या पत्र्याला आतून फोमचा थर द्या. गाडी रंगवायचीच असेल तर टप फिक्या रंगाचा करा. काचांवर उष्णता अडवणारी पारदर्शक फिल्म लावता येते, फक्त पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायलाच हवा, तेवढा नियम पाळा.

दुसरी बाजू इंजिन. फायरवॉलमधून पेडल, केबल, वायरी आत येतात. त्या भोकांची रबरं तीस-चाळीस वर्षांत तुकडे होऊन पडलेली असतात आणि तिथून गरम हवा थेट पायांवर येते. नुसती उष्णताच नाही, धूरही येतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. काही रुपयांची रबरं बदलणं हे या सगळ्या यादीतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गरजेचं काम. डिकीच्या रबराचंही तेच. फरशीवर थर देताना मात्र जुन्या पद्धतीचं फेल्ट टाळा. ते पावसाळ्यात पाणी धरून ठेवतं आणि खालून पत्रा खातं. पाणी न पिणारा फोम घ्या, आणि तो चिकटवण्याआधी गंज काढा.

आता वारा. इथे बहुतेक जण हवा आत कशी घ्यायची एवढाच विचार करतात, ती बाहेर कुठून जाणार हे विसरतात. बाटली भरलेली असेल तर तिच्यात फुंकून काय होणार? फोर्डने १९६४ मध्ये कोर्टिना गाडीत 'एअरोफ्लो' आणलं, त्याचं मर्म हेच होतं: डॅशबोर्डमधून हवा आत आणि मागच्या खांबातल्या जाळ्यांतून बाहेर. आपल्या गाड्यांत ती सोय नाही, पण मागच्या काचा दोन बोटं खाली केल्या तर बरंचसं काम होतं. आणि पुढच्या दारातली ती त्रिकोणी काच! ती थोडी उघडली तर केबिनमधली हवा बाहेर ओढते, पूर्ण फिरवली तर बाहेरचा वारा थेट अंगावर आणते. मोटर नाही, वायर नाही. आणि लोक "मॉडर्न लुक" म्हणून नेमकी तीच काढून सबंध काच बसवतात!

बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलण्याचा सल्लाही ऐकू येतो. गाडी उभी असेल तर उष्णता निघते, खरं. पण धावताना पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून गरम हवा बाहेर पडणं अवघडच.

पुढचं सगळं गावावर अवलंबून. मुंबईत घाम वाळत नाही, तिथे वारा हेच औषध. टॅक्सीवाल्यांना हे कुठल्याही इंजिनिअरआधी कळलं होतं: डॅशबोर्डवर छोटा पंखा आणि रेक्झिनच्या सीटवर लाकडी मण्यांचं कव्हर, म्हणजे पाठीमागूनही हवा खेळती. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत मात्र नुसता वारा भाजून काढतो, तिथे पाणी हवं. वाळ्याच्या ताट्या वापरणाऱ्या विदर्भाला हे मी काय सांगणार! अमेरिकेतल्या कोरड्या भागांत १९५० च्या दशकात लोक गाडीच्या काचेला बाहेरून पाण्याचा कूलर टांगायचे. तत्त्व तेच.

घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर माझा आग्रह नाही. त्यांना भर दुपारी एसीच्या गाडीतूनच न्या. पण आपल्या हौसेसाठी करायचं तर दोन अटी असाव्यात: जे कराल ते पुन्हा काढता आलं पाहिजे, आणि स्वस्तातलं आधी झालं पाहिजे. रबर, फोम, त्रिकोणी काच, पंखा, या क्रमाने जा आणि प्रत्येक पायरीनंतर पुन्हा मोजा. हे सगळं करूनही नको झालं तर खुशाल एसी बसवा. तोवर तुमच्या गाडीला बहुधा लहान एसी पुरेल, इंजिनवरचा भार कमी होईल, आणि पत्रा कापण्याआधी निदान तो कशासाठी कापतोय हे तुम्हाला माहीत असेल.