परवाना संपला, म्हणून नाते संपले काय?

पती-पत्नीचे नाते कागदाच्या मुदतीवर ठरत नाही. परंतु दोघांचे नागरिकत्व भिन्न असले की सीमेवरील अधिकाऱ्यापुढे ते तारखेनेच मोजले जाते. गोव्यातील अनेक कुटुंबांना याची झळ लागली आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, तसेच त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकते. ते मिळवून अनेक गोवेकर ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडन शहरात, स्थायिक झाले. जोडीदार मात्र पुष्कळदा भारतीय नागरिकच राहिला.

अशा जोडीदाराला ब्रिटनमध्ये प्रवेशासाठी सहा महिन्यांचा कुटुंब परवाना मिळे. दीर्घ वास्तव्याचा पुरावा म्हणून निवासपत्र वेगळे घ्यावे लागे. ते हाती पडण्यापूर्वी आईच्या आजारपणासाठी मायदेशी आलेल्या पत्नीचा परवाना येथेच संपला, तर तिने परत कसे जावे?

युरोपीय न्यायालयाने २५ जुलै २००२ रोजी बेल्जियममधील एका प्रकरणात याचे तत्त्वतः उत्तर दिले. ओळख व विवाह सिद्ध करता येत असेल आणि सुरक्षिततेला धोका नसेल, तर केवळ व्हिसा नाही म्हणून जोडीदाराला सीमेवरून परत पाठवता येत नाही. २००४ च्या युरोपीय निर्देशानेही, परत पाठवण्यापूर्वी हक्क सिद्ध करण्याची वाजवी संधी देणे बंधनकारक केले. हक्क विवाहातून येतो. परवाना हा त्याचा केवळ पुरावा, असा याचा अर्थ.

व्यवहार मात्र निराळा आहे. योग्य कागदांविना प्रवासी आणल्यास विमान कंपनीला ब्रिटिश कायद्यानुसार प्रवाशामागे २,००० पौंड दंड होऊ शकतो. साहजिकच कंपनी मुंबईतच प्रवाशाला अडवते. सीमेवर मिळणारी संधी सीमेपर्यंत पोहोचू न शकणाऱ्याच्या काय उपयोगाची?

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले आणि त्याच वर्षाअखेर तेथे जुनी व्यवस्था संपली. आता हक्क अर्ज मंजूर झाल्यावरच मिळतो. त्या वर्षाअखेरीपूर्वी विवाह झालेला जोडीदार अजूनही येऊ शकतो; पण आल्यानंतर तीन महिन्यांत त्याने अर्ज करावा लागतो. त्यातही, तात्पुरता दर्जा मिळालेल्याने पुन्हा अर्ज केला नाही म्हणून त्याचे हक्क आपोआप नष्ट होत नाहीत, असे लंडनच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये बजावले. तारखेपेक्षा माणूस मोठा, हे तत्त्व तेथेही अगदीच मावळलेले नाही.

खोटे विवाह रोखण्याचा राज्याचा अधिकार कोणी नाकारत नाही. परंतु लबाडी शोधणे वेगळे आणि मुदत उलटलेल्या कागदासाठी प्रामाणिक कुटुंब तोडणे वेगळे. विवाहाचा दाखला, पारपत्र आणि जोडीदाराच्या वास्तव्याचा पुरावा पाहून तातडीने निर्णय देणारी सोय प्रस्थानाच्या देशातच असली, तर दोन्ही हेतू साधतील. तोपर्यंत तिकीट काढण्यापूर्वी परवान्याची तारीख पाहणे हेच शहाणपण. पण नागरिकाच्या सावधपणावर विसंबणारा कायदा न्याय्य म्हणता येणार नाही.