माजी विद्यार्थिनीचा पत्ता काय?

नॅकनं कॉलेजांच्या मूल्यमापनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण ठेवले, तेव्हापासून गावोगावच्या कॉलेजांना आपल्या जुन्या मुलांची आठवण येऊ लागली. संघ नोंदवले गेले, मेळावे भरू लागले. चांगलंच झालं. ज्या संस्थेत आपण तीन-पाच वर्षं काढली तिचं बरंवाईट आपल्याला कळत राहावं, तिच्या अडीअडचणीला आपण उभं राहावं, हे योग्यच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या मेळाव्यांना गेलं की व्यासपीठावर बिल्डर, डॉक्टर, वकील, झेडपीचे माजी सभापती असे सगळे 'विद्यार्थी' बसलेले दिसतात. विद्यार्थिनी असतात त्या स्वागतगीत म्हणायला, नाहीतर त्याच कॉलेजात नोकरीला लागलेल्या. बाकीच्या कुठे आहेत असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'अहो, मुलींचा पत्ताच लागत नाही. लग्नं होऊन गेल्या त्या.'

जणू लग्न होणं म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून नाहीसं होणं!

एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या ग्रंथालयात मी बरीच वर्षं काम केलं. निवृत्तीच्या आधी माजी विद्यार्थ्यांची यादी करण्याचं काम माझ्याकडे आलं, म्हणून हे 'नाहीसं होणं' कसं घडतं ते मला जवळून पाहायला मिळालं. जुनं रजिस्टर उघडलं की मुलाच्या नावापुढे वडिलांच्या घरचा पत्ता असतो. मुलगा पुण्याला असो की दुबईला, वीस वर्षांनीही त्या पत्त्यावर पाठवलेलं पाकीट त्याला पोचतं. मुलीच्या नावापुढेही वडिलांच्याच घरचा पत्ता. पण तिचं पाकीट तिथे पडून राहतं किंवा परत येतं. फोन केला तर वडील म्हणतात, 'ती सासरी असते. जावयांना विचारून नंबर देतो.' तो विचार काही होत नाही आणि नंबर काही येत नाही. एका आईनं मला दबक्या आवाजात विचारलं, 'काही भानगड आहे का हो बाई?' इतक्या वर्षांनी कॉलेजातून मुलीची चौकशी येते म्हणजे काहीतरी वावगंच असणार, असं त्या माउलीला वाटलं. तिची काय चूक? मुलीचं शिक्षण लग्नाच्या आधीचं, ते लग्नाबरोबर संपलं, असंच तिला आजवर सांगण्यात आलं होतं.

त्यात नावाचा घोळ. पदवीच्या कागदावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधार कार्डावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, आणि काही घरांत तर पहिलं नावसुद्धा लग्नात बदललेलं. कॉलेजची यादी पदवीच्या नावावर चालते, जग दुसऱ्या नावानं हाक मारतं. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे ठाऊक असलेली माणसं असतात ती तिच्या वर्गातल्या मैत्रिणी, आणि त्यांचीही नावं बदललेली! सरकारनं २०२४ मध्ये मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावणं बंधनकारक केलं. त्याचं आपण स्वागत केलं. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या नावाची जुनी रीत मात्र तशीच ठेवली. म्हणजे आई मुलाच्या नावात आली, पण स्वतःच्या पदवीपासून तुटलेली ती तुटलेलीच राहिली.

आता पत्रं गेली आणि मोबाइल आला, तेव्हा हे सगळं सुटेल असं वाटलं होतं. वर्गावर्गांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप निघाले. त्यांची नावंच बघा, 'अमुक बॅच मित्र परिवार'! ज्या चार-दोन बायका त्यात आल्या त्यांतल्या कितीतरी महिन्याभरात बाहेर पडल्या. कुणाच्या नवऱ्याला आवडलं नाही. कुणाला रात्री अकरानंतरचे बायकांवरचे ते विनोद सोसले नाहीत. मग ग्रूपवर ठरतं की वॉटर कूलर द्यायचा, आणि वॉटर कूलरवर नावं लागतात ती ठरवणाऱ्यांची.

यावर कुणी म्हणेल, एवढं काय बिघडलं? बायकांना हजार कामं, त्यात ही आणखी एक यादी कशाला? म्हणून काय बिघडलं ते जरा खोलात जाऊन सांगते.

आधी पैशाचं. माजी विद्यार्थी म्हटलं की आज लोकांच्या डोळ्यांसमोर आय.आय.टी. येते. २०२३ मध्ये नंदन नीलेकणी यांनी मुंबईच्या आय.आय.टी.ला ३१५ कोटी रुपये दिले. तिथे शिकायला गेल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून. त्याच वर्षी १९९८ च्या तुकडीनं मिळून ५७ कोटी जाहीर केले. या देणग्यांबद्दल आदरच आहे. पण त्या जुन्या तुकड्यांत मुली होत्या किती? मुलींचं प्रमाण वाढावं म्हणून आय.आय.टी.त जादा जागा ठेवायला सुरुवात झाली ती २०१८ मध्ये. जिथे मुली पोचल्याच नाहीत तिथे माजी विद्यार्थ्यांचा पैसा साठतो, आणि जिथे मुलींनी वर्ग भरले त्या कला-वाणिज्यच्या कॉलेजांकडे, मुलींच्या वसतिगृहांकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आणि तिथे कोटींची गरजही नसते. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. फार मोलाचा निर्णय. पण मुलगी जेव्हा शिक्षण सोडते तेव्हा ते फीपायीच सोडते असं नाही. मेसचे दोन महिने थकतात, खोलीचं डिपॉझिट भरायचं राहतं, प्रॅक्टिकलचं साहित्य घ्यायचं राहतं. घरी मागायची सोय नसते, कारण मागितलं की 'मग ये परत, स्थळ आलंय' हे उत्तर तयार असतं. अशा वेळी दोन-तीन हजार रुपये आणि एक धीराचा फोन एवढ्यावर एखादीचं वर्ष वाचतं. हे कुणाला कळणार? त्याच वसतिगृहात राहून गेलेलीला. पण तिला बातमी पोचेल तेव्हा ना!

'बायकांच्या हातात पैसा कुठे असतो', हे मला अनेकदा ऐकवलं गेलं आहे. त्यांनी आपलाच इतिहास वाचावा. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले आणि त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसींचं, नाव विद्यापीठाला लागलं. (बाईच्या नावाचं विद्यापीठ, आणि त्या नावातही मधोमध नवरा आहेच.) हे पंधरा लाख सगळ्यांना पाठ असतात. पण त्याच्या आधीची वीस वर्षं हिंगण्याचा आश्रम चालला तो चिल्लर वर्गण्यांवर, आणि त्या वर्गण्यांसाठी पायपीट करणाऱ्यांत पार्वतीबाई आठवले होत्या. तरुणपणी वैधव्य आलेली ही बाई पुण्याला येऊन शिकली, आश्रमाच्या कामाला लागली, गावोगाव हिंडून आश्रमाची हकिगत सांगत पैसे जमवू लागली. १९१८ मध्ये ती अमेरिकेला गेली, परक्या घरांत घरकाम करून तिथे राहिली. लोक पैसे का देत? कारण समोर उभी असलेली बाई म्हणजेच आश्रमाचं खरं वर्तमान होतं. शिकून बाहेर पडलेल्या बाईनं मागे वळून पुढच्या मुलीसाठी हात पसरायचा, ही रीत परदेशी विद्यापीठांकडून आलेली नाही. ती आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होती आणि एका विधवेनं ती चालवली होती.

पण मैत्रिणींनो, पैशापेक्षा मला मताचं जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल आपल्या गटांत कधी बोललंच जात नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, दहा प्रतिनिधी नोंदणीकृत पदवीधरांतून निवडून जातात. त्यांतली एक जागा स्त्रियांसाठी राखीव आहे. सिनेटमध्ये विद्यापीठाचं अंदाजपत्रक येतं, वार्षिक अहवाल येतो, तिथे प्रश्न विचारता येतात. वसतिगृहाचं बांधकाम का रखडलं, परीक्षा केंद्र गावापासून इतकं लांब का, हे तिथे विचारायचं असतं. पण पदवी मिळाली म्हणून मत आपोआप मिळत नाही, वेगळी नोंदणी करावी लागते. मुंबई विद्यापीठ १८५७ पासूनचं, आता दर वर्षी लाखावर पदव्या देतं. २०२४ मध्ये त्याच्या पदवीधर गटाची निवडणूक झाली तेव्हा मतदार यादीत नावं होती साधारण तेरा हजार चारशे! ज्या पक्षाकडे फॉर्म भरून घेणारी पोरं आहेत त्याची यादी, आणि ज्याची यादी त्याचा सिनेट. आपल्या बाईला तर पदवीची प्रत शोधण्यापासून सुरुवात, ती माहेरच्या कपाटात. मग नाव बदलल्याचा पुरावा. मग फॉर्म ऑनलाइन, आणि ओ.टी.पी. जातो नवऱ्याच्या मोबाइलवर. कायद्यानं एक जागा राखून ठेवली, पण त्या जागेसाठी मत देणारी बाई यादीत यावी याची तजवीज कुणी केली नाही.

आणि तिसरी गोष्ट, नजर ठेवण्याची. २०२३ च्या जून महिन्यात मुंबईत चर्नी रोडला मुलींच्या सरकारी वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला. तिथे राहून गेलेल्या बायका राज्यभर आहेत. त्यांना ती बातमी टी.व्ही.वरून कळली. सुरक्षेचे प्रश्न त्या दिवशी अचानक जन्माला आले नव्हते. बातमी फक्त मेल्यावरच बाहेर यावी का? कॉलेजची 'वार्तापत्रं' माझ्या टेबलावरून पुष्कळ गेली आहेत. त्यांत सुवर्णपदकं असतात, पाहुण्यांचे सत्कार असतात, मंत्र्यांबरोबरचे फोटो असतात. यू.जी.सी.च्या २०१५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेनं लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय झालं याचा वार्षिक अहवाल करून आयोगाला पाठवायचा असतो. हे आकडे मी कुठल्याही वार्तापत्रात छापलेले पाहिले नाहीत. अंतर्गत समितीवर बाहेरची एक सदस्य हवी असते, ती कित्येक ठिकाणी प्राचार्यांच्या ओळखीतली असते. ती त्याच कॉलेजात शिकून गेलेली, चळवळीत काम केलेली बाई का नसावी? पहिल्या वर्षाला किती मुली आल्या आणि तिसऱ्याला किती उरल्या, हा साधा हिशेब माजी विद्यार्थिनींनी मागितला तर कॉलेजला द्यावा लागेल. नुसती माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन येणारी परकी बाई आणि 'मी इथली' म्हणून येणारी बाई यांत फरक असतो. ऑफिसातला क्लार्कसुद्धा दुसरीला बसायला खुर्ची देतो, हे मी पाहिलं आहे.

कॉलेजांनी काय करावं ते अगदी साधं आहे. रजिस्टरात पदवीचं नाव आणि आजचं नाव असे दोन रकाने ठेवावेत. शेवटच्या वर्षाच्या मुलीकडून तिचा स्वतःचा नंबर आणि दोन मैत्रिणींचे नंबर घ्यावेत. मेळावा रविवारी दुपारी ठेवावा आणि मुलांना बरोबर आणायची सोय करावी. पण कॉलेजं हे आपण होऊन करतील असं मला वाटत नाही, आणि करेपर्यंत थांबायचंही कारण नाही. आमच्या गावातल्या गटानं एक दोनशे पानी वही घातली आहे. बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवाला, बाळंतिणीला भेटायला गेलं तरी ती वही बरोबर असते. पदवीचं नाव, कॉलेज, साल, आताचं नाव, स्वतःचा फोन. कुणाचं पदवीचं प्रमाणपत्र सापडत नसेल तर दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज कसा करायचा तेही आम्ही सांगतो. पुढच्या पदवीधर नोंदणीची जाहिरात निघेल तेव्हा निदान आमच्या वहीतल्या बायका तयार असतील.

वही फिरू लागली त्या पहिल्या महिन्यातच एक प्रश्न आला. एफ.वाय.ला असताना लग्न झालेली, परीक्षेलाच न बसलेली बाई विचारत होती, 'माझं नाव चालेल का? मी काही पास नाही झाले.' संघाच्या घटनेत पदवीधर हीच माजी विद्यार्थिनी. आमच्या वहीत साल लिहायच्या रकान्यापुढे आम्ही आता आणखी एक रकाना आखला आहे: 'कॉलेज का सोडलं?' त्यात सगळ्यात जास्त मजकूर भरतो आहे.