रोबो आधी मळणीयंत्राच्या तोंडाशी

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात हल्ली एक तरी रोबो हमखास असतो. चार चाकं, वर उघडं सर्किट, खाली पुठ्ठ्यावर काळी पट्टी. त्या पट्टीवरून तो बरोबर वळणं घेत जातो, पाहुणे टाळ्या वाजवतात, फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवशी ते खोकं कपाटात जातं. बुलढाणा जिल्ह्यात रोबोटिक्सची ओळख बहुतेकांना एवढीच. पोरांचा यात काही दोष नाही. हा विषय गॅदरिंगचा करून ठेवला तो आपण मोठ्यांनी. माझं म्हणणं असं, की रोबो कुठे आणायचा हे ठरवताना एकच गोष्ट आधी बघावी: कोणत्या कामात माणसाचा हात, डोळा, फुप्फुस किंवा जीव जातो. तिथून सुरुवात व्हावी, बाकीचं सावकाश. मुद्दे मांडतो.

१. अर्धा रोबो आपल्या विहिरीवर आधीच बसलेला आहे

रोबो म्हटलं की डोळ्यांपुढे सिनेमातला चकचकीत यंत्रमानव येतो. प्रत्यक्षात त्याला तोंड, डोकं, दोन पाय असायची काही गरज नसते. भोवतालची स्थिती ओळखणारा सेन्सर, त्यावरून काय करायचं ते ठरवणारा छोटा संगणक, आणि ठरलेलं करून दाखवणारी मोटार किंवा यांत्रिक हात, या तीन गोष्टी एकत्र आल्या की रोबो झाला. या मापाने पाहिलं तर रात्री थ्री फेज लाइन आली की मोटार आपोआप सुरू करणारा आपला 'ऑटो' हा रोबोचा धाकटा भाऊच. लाइन आल्याचं तो ओळखतो, क्षणभर थांबतो, स्टार्टर ओढतो. विहिरीचं पाणी संपून मोटार कोरडी फिरू लागली की तिचा करंट घटतो; ते हेरून मोटार बंद करणारे स्टार्टरही आता गावोगावी आहेत.

त्याला एक गोष्ट मात्र कळत नाही. लाइन गेली म्हणून कोणी फूटव्हॉल्व्ह बघायला विहिरीत उतरलाय, किंवा कोणाचा हात वायरवर आहे, याचा त्या डब्याला पत्ता नसतो. लाइन आली की तो आपलं काम करतो. कारखान्यांनाही हा धडा हळूहळूच मिळाला. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबो बसला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं असे रोबो माणसांपासून लांब, जाळीच्या आड ठेवावे लागत. माणसाचा धक्का लागताच थांबणारे हात पुढे आले. आपल्याकडे चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यात असे हात कामगारांच्या शेजारी राबतात. शेजारी माणूस आहे हे यंत्राला कळणं, ही रोबोटिक्सची आपल्या कामाची बाजू.

२. मळणीयंत्र

सोयाबीनची सोंगणी झाली, सुड्या लागल्या, की परतीच्या पावसाची धास्ती सुरू होते. मळणीयंत्र एका वावरातून निघून दुसऱ्यात जातं, रात्र-रात्र चालतं. ट्रॅक्टरच्या शाफ्टवर ड्रम फिरत असतो. एक जण सुडीवरून काड ओढून देतो, दुसरा ते यंत्राच्या तोंडात सारतो. उजेड ट्रॅक्टरच्या दिव्याचा. नाकातोंडात भुसा जाऊ नये म्हणून चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळलेला, आणि त्याचं टोक लोंबत असतं. मळणीचे पैसे पोत्यामागे मिळतात, म्हणून हात थांबवायचा नाही. काड अडकलं की यंत्र बंद न करता हातानेच आत ढकललं जातं. पुढचं सांगायची गरज नाही. सोयाबीनच्या हंगामात अशा बातम्या पानाच्या कोपऱ्यात येतात आणि विरून जातात.

या बाबतीत कायदा आहे, आणि तोही जुना. १९८३ चा धोकादायक यंत्रे नियमन कायदा मळणीयंत्रांसाठीच आला. त्यात इजा झालेल्याला भरपाईचीही तरतूद आहे. काड सारायची पन्हाळ किमान ९० सेंटिमीटर लांब हवी आणि तिचा अर्धा भाग वरून झाकलेला हवा, असं भारतीय मानक सांगतं. हात ड्रमपर्यंत पोहोचूच नये, हा त्यामागचा हिशेब. पण झाकणामुळे काड भराभर जात नाही, म्हणून ते काढून ठेवलं जातं. मालक काढतो, मजूर काढतो, सगळेच काढतात.

खरा रोबो हवा तो इथे. 'सेन्सर बसवला की झालं' इतकं हे सोपं नाही, हेही सांगतो. तोंडापाशी प्रकाशाचा किरण लावला तर काडानेही तो तुटणार आणि यंत्र सारखं थांबणार. भुश्याने सेन्सर तासाभरात आंधळा होणार ते वेगळंच. म्हणून हात आणि काड यांतला फरक ओळखता आला पाहिजे. मजुराच्या मनगटावर एखादी खूणपट्टी असावी, ती तोंडाच्या वीतभर जवळ आली की यंत्राने शाफ्टपासून सुटावं, असं काही करता येईल. त्यातही जड ड्रम लगेच थांबत नाही, म्हणून ब्रेक हवा. याहून सरळ वाट म्हणजे काड सरकत्या पट्ट्यावर टाकायचं आणि माणसाने तोंडापासून चार हात लांब उभं राहायचं. शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९८३ पासूनची परंपरा आहे, चिखली आणि बुलढाण्यातही अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला यापेक्षा चांगला विषय कोणता? काळ्या पट्टीवरून धावणारी गाडी पुष्कळ झाली.

३. फवारणी, आणि ड्रोनबद्दल थोडं खरं-खोटं

२०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर उंच झाली होती. फवारा वर मारावा लागत होता आणि तो अंगावरच उतरत होता. यवतमाळ लांब आहे असं समजायचं कारण नाही. पीक तेच, औषधं तीच, पाठीवरचा पंपही तोच. आपल्याकडेही तोंडाला रुमाल बांधून, बाह्या वर करून, दिवसभर फवारणारी माणसं आहेत.

ड्रोन हा उडणारा रोबोच. दहा लिटरची टाकी घेऊन तो सात-दहा मिनिटांत एकर उरकतो, आणि माणूस विषाच्या ढगाबाहेर राहतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये नमो ड्रोन दीदी योजनेला मंजुरी दिली: देशभरात १५,००० महिला बचत गट, १,२६१ कोटी रुपये, आणि एका गटाला ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान. योजना चांगली आहे. पण तीन गोष्टी जाहिरातीत येत नाहीत. पाठीवरच्या पंपाला एकरी दीड-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनला दहाच. म्हणजे द्रावण तितकं जहाल होतं, आणि ते कालवणारा माणूस जमिनीवरच असतो. हातमोजे, गॉगल त्याला आधीपेक्षा जास्त लागतात. दुसरं, वारा असला की फवारा बांधाबाहेर जातो. शेजारी कोणाची तुतीची बाग असेल तर त्या पाल्यावर वाढणारे रेशीमकिडे मरतात आणि वर्षभराचं वैर लागतं. तिसरं, बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत उतरते. ड्रोनसोबत बॅटऱ्यांचे तीन-चार जोड आणि जनरेटर नेला नाही तर आपल्या भारनियमनात ड्रोन दीदी बांधावर बसून लाइनची वाट पाहणार.

म्हणून ड्रोन विकत घेताना उडवणारीच्या प्रशिक्षणाइतकाच औषध कालवणाऱ्याच्या संरक्षणावर खर्च झाला पाहिजे. झालेला मला तरी दिसत नाही.

४. मैला उपसण्याचं काम

हाताने मैला उपसण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवलं तर पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. तिरुवनंतपुरमच्या तरुण अभियंत्यांनी 'बँडिकूट' नावाचा रोबो केला. तो मॅनहोलमध्ये पाय रोवून गाळ बाहेर काढतो आणि वरचा माणूस पडद्यावर पाहत तो चालवतो. २०१८ पासून तो वापरात आहे.

आपल्या नगरपालिकांनी तो उठून विकत घ्यावा, असं मी म्हणणार नाही. बँडिकूट भुयारी गटारांसाठी आहे, आणि आपल्या गावांत घरोघरी सेप्टिक टँक आहेत. तिथे जीव जातो तो बहुतेक शेवटच्या हातभर गाळापायी: टँकर वरचं ओढून घेतो, तळाचं घट्ट राहतं, आणि कोणीतरी 'मी उतरतो' म्हणतो. खाली हायड्रोजन सल्फाइड असतो. थोड्याशा मात्रेत त्याचा वास सडक्या अंड्यासारखा येतो, मात्रा वाढली की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. एक वायुमापक, लांब पाइप, दाबाने पाणी सोडून गाळ पातळ करायची सोय आणि तळ दाखवणारा कॅमेरा, एवढ्याने पुष्कळ भागेल. ज्या जुन्या बोळांत टँकरच शिरत नाही, तिथल्यासाठी छोटी गाडी लागेल. महागडा रोबो घेऊन नगरपालिकेच्या आवारात उभा करण्याची हौस कृपा करून आवरावी.

५. मग मजुराने खावं काय?

हा प्रश्न टाळून केलेला रोबोटिक्सचा प्रचार मला अप्रामाणिक वाटतो. फवारणीचा रोज इतर कामांपेक्षा जास्त मिळतो, म्हणूनच माणूस विष अंगावर घेतो. ड्रोन आला की तो रोज बुडणार. जीव वाचवला आणि चूल विझवली, असं होऊन चालणार नाही. गावात ड्रोन किंवा नवं यंत्र अनुदानावर येताना ते काम आधी करणाऱ्या मजुरांपैकी दोघा-तिघांना त्याच गटात घेण्याची अट असावी, इतकी साधी गोष्ट शासन निर्णयात लिहिता येते. रोजगार हमीचा कायदा देशाआधी महाराष्ट्राने केला, १९७७ साली. त्याच राज्याला हे अवघड का जावं?

आणि सगळ्याच कामांत घाई नको. कापूस वेचणी यंत्राने करायची भाषा बऱ्याच वर्षांपासून ऐकतो. आपल्याकडे बोंडं एकदम फुटत नाहीत, दोन-तीन वेचे होतात, वावरं लहान. यंत्रासाठी वाणही बदलावं लागतं आणि लागवडीचं अंतरही. देऊळगाव राजाकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन चालतं. तिथे बायका चिमट्याने कळीतले पुंकेसर काढतात आणि दुसऱ्या दिवशी परागीकरण करतात. तो नाजूक हात रोबोला अजून परवडण्याजोगा साधलेला नाही, आणि त्या कामात कोणाचा जीवही जात नाही. तिथे आधी पोहोचायची घाई कोणाला असेल तर ती मजुरीचा खर्च वाचवायची आहे, हे ओळखून असावं.

६. शेगाव

गजानन महाराज संस्थानात सेवेकरी पाळीपाळीने येऊन झाडतात, वाढतात, चपला सांभाळतात. तिथे फरशी पुसणारा रोबो आणा म्हणणारे भेटतात. त्यांना सेवा या शब्दाचा अर्थ विचारावा. पुढचा मुद्दा.

७. बिघडल्यावर कोण बघणार

हंगामात पंजाबकडून हार्वेस्टर येतात, सोबत चालक आणि मिस्त्रीही तिकडचेच. यंत्र आपल्या वावरात, कसब त्यांच्या हातात. ड्रोनचंही तेच होऊ घातलंय: भुजा मोडली की तो शहरात जाणार, पंधरा दिवसांनी येणार, तोवर अळीने बोंडं पोखरलेली. तालुक्याच्या ठिकाणी मोटार वाइंडिंगची दुकानं आहेत. तिथला माणूस जळालेली मोटार उघडतो, तार मोजतो, वेढे भरतो, संध्याकाळी चालू करून देतो. बेअरिंगचा आवाज ऐकून तो रोग सांगतो. रोबो म्हणजे निम्म्याहून अधिक मोटारी, बेअरिंग, वायरिंग आणि बॅटरीच. या मंडळींना आयटीआयमध्ये तीन महिन्यांचा संध्याकाळचा वर्ग द्यावा: सेन्सर कसा तपासायचा, कंट्रोलर कसा बदलायचा, लिथियम बॅटरी कशी हाताळायची. प्रवेशाला बारावीची अट ठेवू नये.

८. शाळा

केरळने २०२५-२६ पासून दहावीच्या सगळ्या विद्यार्थ्यांना रोबोटिक्स सक्तीचं केलं. आपल्याकडे अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत मिळतात, आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५०,००० लॅबची घोषणा झाली. लॅब येतील. त्यांना कुलूप लागू नये याचा एक उपाय असा, की पोरांना गावातली अडचण द्यावी. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी बाप रात्रभर जागलीला जातो; ते वावरात शिरल्याचं कळवणारं यंत्र करा, पण कुत्र्याला बघून बोंबलणारं नको. हा फरक कसा ओळखायचा, यात नववीचं अर्धं विज्ञान येतं. आणि शिकवावं मराठीत. 'सेन्सर', 'मोटार', 'बॅटरी' हे शब्द आता मराठीच आहेत.

९. पैसा आणि बैठक

जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण कामांसाठी वेगळी तरतूद असते. तिच्यातून पहिल्या वर्षी दोनच कामं घ्यावीत: सुरक्षित मळणीयंत्राचे दोन-चार नमुने, आणि प्रत्येक नगरपालिकेला वायुमापक व कॅमेरा. मळणीयंत्राची चाचणी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने करावी, तीही प्रयोगशाळेत न करता एखाद्या चालू हंगामातल्या वावरात, रात्री. नमुना पोत्यामागे जास्त वेळ खातो असं निघालं तर तो मोकळेपणाने नापास करावा. वेळ खाणारं झाकण लोक पुन्हा काढून ठेवणारच. समितीवर प्राध्यापक असू द्या, अधिकारी असू द्या. पण यंत्राच्या तोंडाशी उभे राहणारे दोन मजूर, एक फवारणीवाला आणि एक सफाई कामगार हवाच, आणि त्यांना त्या दिवसाचा रोज मिळाला पाहिजे. बैठक उन्हाळ्यात ठेवावी. ऑक्टोबरात ठेवली तर ते सगळे वावरात असतील आणि बैठकीला फक्त आम्ही बोलणारे उरू.