कामाचा कपडा कामावरच राहू द्या

एप्रिल लागला की बगीचा-देखभालीचे नवे ठेके सुरू होतात, आणि पुढे उन्हाळाभर रावेर, यावल, मुक्ताईनगरच्या शिवारात केळीची कटाई जोरात असते. हिरवळ सांभाळणारे ठेकेदार आणि केळीच्या बागेत टोळ्या उतरवणारे व्यापारी-मुकादम, असे दोघेही या मासिकाचे वाचक आहेत. दोघांच्याही हिशेबाच्या वहीत मजुरी, डिझेल, औषधे, अवजारे यांना रकाने असतात. कपड्याला बहुधा नसतो. ठेक्याच्या अटींत गणवेशाची ओळ असलीच, तर जळगावच्या फुले मार्केटमधून किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरून स्वस्तातले चकचकीत टी-शर्ट येतात, पाठीवर नाव छापले जाते आणि विषय मिटतो. केळीच्या टोळीला तेही मिळत नाही. तिथे माणूस घरातला सर्वात जुना सदरा घालून येतो, कारण बागेत गेलेला कपडा पुन्हा चारचौघांत घालण्याजोगा उरत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे.

हा कपडा कामापायी खराब होतो, मग त्याचा खर्च मजुराने का सोसायचा? कामाचा कपडा हा कोयत्यासारखा, ब्रश कटरसारखा कामाच्याच खर्चात धरला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि तो विकत घ्यायचा, तर कोणता डाग कशाने पडतो हे समजून घेतला पाहिजे. ‘डाग न पडणारे कापड’ असे सांगून माल दाखवणारे विक्रेते आता आपल्याकडेही येतात. सगळे डाग अडवणारे, धुलाईला टिकणारे आणि खान्देशच्या उन्हात सोसवणारे असे एकच कापड आमच्या पाहण्यात नाही.

आधी केळीचे पाहू, कारण तिच्याइतका हट्टी डाग आपल्या भागात दुसरा नाही. कापणारा दांड्यावर कोयता चालवतो, तेव्हा घड झेलणारा खाली खांदा देऊन उभा असतो. कापल्या जागेतून चीक गळतो आणि मान, खांदा, पाठ यांवर ओघळतो. बागेला नुकतेच पाणी दिले असेल आणि सकाळची वेळ असेल, तर तो जास्तच गळतो. त्या क्षणी सदऱ्यावर फक्त ओल दिसते, कारण ताजा चीक जवळजवळ पाण्यासारखाच असतो. दुपारपर्यंत त्या जागी पिवळट छटा येते, संध्याकाळी ती तपकिरी होते आणि घरी साबण लावला की आणखी गडद दिसू लागते. चिकातली तुरट द्रव्ये, म्हणजे टॅनिन आणि त्याच्या जातीची इतर रसायने, हवेतल्या प्राणवायूने काळपट होतात आणि कापसाच्या तंतूला घट्ट धरून बसतात. सुती कापड रंगवताना रंगारी जे मुद्दाम करतो, ते इथे आपोआप घडते.

रंगाऱ्याची जुनी रीत आठवली, तर आपल्या चुकाही उलगडतात. हिरड्यात भिजवलेल्या कापडाला तुरटी दिली की रंग पक्का बसतो. हिरड्याला हिराकस मिळाला की काळी शाई होते. दोन्हीकडे हिरड्यातले टॅनिन धातूच्या क्षाराशी बांधले जाते. आता आपल्या कामाकडे पाहा. निर्यातीच्या फण्या चीक निघावा म्हणून तुरटीच्या पाण्यात बुडवतात. तेच पाणी समोर असले की सदराही त्यात खळबळून घ्यावासा वाटतो. पण जी तुरटी फळावरचा चीक सोडवते, तीच कापडावरचा डाग पक्का करते. गंजलेल्या बादलीत किंवा लोहाचा अंश असलेल्या बोअरच्या पाण्यात कपडे भिजवले, की तपकिरी डागाचा काळा होतो. हिरवळीला हिराकस फवारून तेच कपडे घालून कुणी केळीत शिरला, तर त्याच्या अंगावर शाईच तयार होते.

साबणाचेही तसेच. अमळनेरला १९४५ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सने, म्हणजे आजच्या विप्रोने, वनस्पती तुपाबरोबर कपडे धुण्याचा साबणही काढला होता. वडी घासून कपडे धुण्याची सवय आपल्याकडे तितकी जुनी आहे. घामाला आणि मळाला वडी उत्तम. मात्र तिच्या अल्कलीने चिकाचा डाग गडद होतो, आणि क्षाराच्या पाण्यात तिचा फेसही नीट होत नाही. चिकाला पहिला उपाय म्हणजे भरपूर थंड पाणी, तेही चीक ओला असतानाच, प्लॅस्टिकच्या बादलीत. नंतर डिटर्जंट पावडर. गरम पाणी आणि वडी त्या दिवशी दूर ठेवावी. वाळलेल्या डागावर ब्लीचिंग पावडरचा मारा केला तर डाग थोडा फिका होतो, पण त्याबरोबर सुताची ताकदही जाते आणि पुढच्या महिन्यात सदरा खांद्यावर फाटतो.

हिरवळीवर काम करणाऱ्यांचे डाग वेगळे असतात. गवताचा हिरवा डाग थंड पाणी आणि एन्झाइमयुक्त डिटर्जंटने बऱ्यापैकी निघतो. काळ्या मातीचा चिखल पूर्ण वाळू द्यावा, झटकावा आणि मगच भिजवावा. ओला असताना चोळला तर बारीक माती विणीत जाऊन बसते. ब्रश कटरच्या पेट्रोल-ऑइलचा डाग मात्र पॉलिस्टरला घट्ट धरतो. म्हणजे सुताला तुरट डागांची ओढ आहे, तर पॉलिस्टरला तेलाची. करप्यावर फवारताना औषधात खनिज तेल मिसळतात, तिथेही हाच अनुभव येतो. म्हणून कापड निवडताना आपल्या टोळीच्या अंगावर मुख्यतः काय सांडते, हे आधी पाहिले पाहिजे.

डाग-रोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कापडांवर फ्लोरोकार्बनचा थर असतो. नव्या कपड्यावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो आणि गिऱ्हाईक खूश होते. पण हा थर घासण्याने आणि धुण्याने झिजतो. दगडावर आपटून, ब्रश मारून धुतल्या जाणाऱ्या कपड्यावर तो फार काळ टिकत नाही. त्याहून मोठी अडचण उन्हाची आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. अशा वेळी माणसाला घाम शोषून वाळवणारे कापड लागते. पाणी झिडकारणारे कापड घामही झिडकारते. शिवाय या थरांच्या जुन्या पिढीशी जोडलेली पीएफओए आणि पीएफओएस ही रसायने निसर्गात विघटन न होता साचत राहतात. जगभरच्या घातक रसायनांच्या स्टॉकहोम करारात पीएफओएसची नोंद २००९ साली झाली आणि पीएफओएची २०१९ साली. नव्या पिढीच्या थरांवरही अनेक देशांत निर्बंध येत आहेत. थर दिलेला माल घ्यायचाच असेल, तर तो फ्लोरीनमुक्त असल्याचे बिलावर लिहून मागावे.

मग घ्यावे काय? आमची शिफारस अशी. अंगावरचा मूळ कपडा सुताचा किंवा सुताचे प्रमाण जास्त असलेल्या मिश्र धाग्याचा असावा. वीण ड्रिलची, घट्ट, पण वजन पेलवेल इतकेच. कापूस इथला, शिरपूरला सूतगिरणी आहे, जळगावची खान्देश मिल आणि अमळनेरची प्रताप मिल यांची आठवण अजून ताजी आहे. चांगले सुती कापड ओळखणारी माणसे आपल्याकडे आजही कमी नाहीत. ठेकेदाराने खरेदीला जाताना त्यांतला एखादा सोबत न्यावा. रंग पक्का, शक्यतो व्हॅट डायचा मागावा. तो धुलाईला आणि उन्हाला टिकतो. उघड्यावर हिरवळ सांभाळणाऱ्यांना खाकी किंवा राखी रंग द्यावा. धूळ-माती लपते आणि ऊनही कमी शोषले जाते. केळीत सावली असते, तिथे कॉफी रंग चालतो. चिकाचा डाग त्यात उठून दिसत नाही आणि माणसाला त्याच सदऱ्यावर बाजारात जाताना संकोच वाटत नाही.

चीक अडवण्याचे काम मात्र सदऱ्यावर सोपवू नये. त्यासाठी वेगळा, काढता-घालता येणारा तुकडा द्यावा: मान, दोन्ही खांदे आणि पाठीचा वरचा भाग झाकणारे खांदा-कवच, आणि फण्या करणाऱ्यांसाठी गुडघ्यापर्यंतचा एप्रन. दोन्ही दाट विणीच्या पॉलिस्टरचे असावेत. चीक त्यात फारसा मुरत नाही, ओल्या फडक्याने पुसला जातो. खांद्यावर आतून जाड गादी शिवली तर घडाचा भारही सुसह्य होतो. हे कवच दांड्याखाली उभे राहण्यापुरतेच अंगावर असते, म्हणून उन्हात अंग उकडत नाही. फाटले तर एवढाच तुकडा बदलायचा. सदरा वर्षभर चालतो.

शिलाईकडेही लक्ष हवे. निंदणीला, फुटवे काढायला, गवत वेचायला येणाऱ्या अनेक बाया लुगड्यावर पुरुषी सदरा चढवतात. त्यांच्या हाती मोठ्या मापाचा टी-शर्ट देऊन गणवेश दिल्याचे समाधान मानू नये. पूर्ण बाह्यांचा, समोरून बटणांचा, कमरेपर्यंत सैल आणि खिसे असलेला सदरा त्यांच्या मापाने शिवून द्यावा, आणि शिवण्याआधी त्यांनाच विचारावे. ब्रश कटर चालवणाऱ्याच्या अंगावर मात्र काहीही लोंबते नको. त्याच्या पायांना खडे उडून लागतात. त्याला जाड पँट, नडगी-कवच आणि चष्मा लागतो, आणि त्याची जागा कुठलाही टी-शर्ट घेऊ शकत नाही.

फवारणीचा कपडा हा संपूर्ण निराळा विषय आहे, आणि इथे आमचा आग्रह सर्वात कडक आहे. कीटकनाशक नियम, १९७१ मधील नियम ३९ प्रमाणे औषध हाताळणाऱ्याला ते आत न झिरपणारे आणि प्रत्येक वापरानंतर धुता येणारे संरक्षक कपडे दिले पाहिजेत. हातमोजे, बूट, चष्मा हेही त्यात आले. नियम पन्नास वर्षांहून जुना आहे. तरीही २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. कापसाचा जिल्हा म्हणून यवतमाळ आणि आपण वेगळे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या ब्रिक-इनस्टेम या संस्थेने सेपिओ हेल्थ कंपनीबरोबर ‘किसान कवच’ नावाचा पोशाख आणला. त्याचे कापड काही कीटकनाशकांना स्पर्शातच निष्प्रभ करते. धुऊन वर्षभर वापरता येतो आणि किंमत सुरुवातीला सुमारे ४,००० रुपये सांगितली गेली. एका मजुराला ही रक्कम जड आहे. बारमाही फवारणीचे काम घेणाऱ्या ठेकेदाराला एका फवारणाऱ्यामागे वर्षाला एवढा खर्च जड वाटू नये.

औषधाचा डाग डोळ्यांना दिसतही नाही. फवारणी करून आलेला माणूस तोच सदरा घरी काढतो, तो पोरांच्या कपड्यांत जातो आणि घरची बाई हाताने धुते. तिने औषधाची बाटलीही पाहिलेली नसते. केळीच्या चिकाने कपडा जातो. इथे माणूस जाऊ शकतो. म्हणून फवारणीचा जोड वेगळ्या रंगाचा असावा, तो बागेतच काढावा, बागेतच धुवावा आणि तिथेच वेगळ्या पेटीत राहावा. बागेला ठिबकचे पाणी असते, शेड असते. हातमोजे घालून कपडे धुण्याची एक जागा आणि वाळत घालायला एक दोरी एवढीच सोय करायची आहे.

खरेदीपूर्वी एक चाचणी जरूर करा. दुकानदाराकडून तीन-चार नमुन्यांचे हातभर कापड मागा. ताज्या कापलेल्या दांड्याचा चीक, हिरवळीचे चुरडलेले गवत आणि ब्रश कटरचे तेल, असे तीन ठिपके प्रत्येकावर द्या. दिवसभर उन्हात ठेवा. मग तुमच्याच बोअरच्या पाण्यात, तुमच्याच साबणाने, तुमची माणसे धुतात तसे दहा वेळा धुवा. विक्रेत्याच्या छापील पत्रकापेक्षा ते कापड तुम्हाला जास्त खरे सांगेल. ज्यांना तो कपडा घालायचा आहे, त्यांना तो एक दिवस भर दुपारी घालायला द्या आणि त्यांचे ऐकून मगच मागणी नोंदवा.

आता पैशाचे. माणशी रोजच्या कामाचे दोन जोड, केळीत उतरणाऱ्याला एक खांदा-कवच, फवारणाऱ्याला त्याचा वेगळा पोशाख, हा खर्च दरातच धरला पाहिजे. केळीचा व्यापारी कटाईचा दर ठरवताना आणि ठेकेदार निविदा भरताना ही ओळ स्वतंत्र लिहील, तर बागायतदार आणि संस्था तिची चर्चा करतील. लिहिलीच नाही तर तो भार आपसूक मजुराच्या घरावर पडतो. मजुरीतून कपड्याचे पैसे कापणे आम्हाला मान्य नाही. महाविद्यालये, कारखाने आणि पालिका यांनाही आमची विनंती आहे की सर्वात कमी दराची निविदा स्वीकारताना गणवेश, फवारणीचे कपडे आणि धुण्याची जागा या तीन गोष्टी तिच्यात आहेत का, हे पाहावे. नसतील, तर तो दर कुणाच्या तरी अंगावरून वाचवलेला आहे.

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बाहेरचा ग्राहक आता फळाबरोबर ते कुणी, कोणत्या परिस्थितीत काढले हेही विचारू लागला आहे, आणि निर्यातीच्या तपासणीत मजुरांची सुरक्षितता तपासली जाते. त्यामुळे हा खर्च धंद्याच्याही हिताचा आहे. पण तो एवढ्यासाठीच करावा असे आम्ही म्हणणार नाही. संध्याकाळी टोळीतला माणूस स्वच्छ सदऱ्यात घरी गेला पाहिजे, हा त्याचा हक्क आहे. या हंगामाच्या करारात तो लिहून घ्या.