‘पित्ताचे ऑपरेशन’ म्हणजे नेमके कोणते?



एका पौर्णिमेला नरसी नामदेव येथील वंदना आटोपल्यावर एक धम्मबांधव आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, “दादा, पित्ताचं ऑपरेशन करायचं ठरलंय. दोन शेळ्या काढतो विकायला.” हे बांधव पोती उचलण्याचे काम करतात. सात-आठ वर्षांपासून त्यांच्या छातीत जळजळ होते, रात्री आंबट पाणी घशाशी येते. एका खाजगी दवाखान्यात त्यांना ‘दुर्बिणीने पित्ताचे ऑपरेशन’ सांगितले होते. जळजळ कायमची जाणार म्हणून घरचे सगळे खूश होते.

आम्ही पडलो कारकून. कागद वाचल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. पिशवीतला सोनोग्राफीचा कागद पाहिला तर त्यावर पित्ताशयात खडे असल्याचे लिहिलेले. म्हणजे सांगितलेले ऑपरेशन पित्ताशयाची पिशवी काढण्याचे होते. छातीच्या जळजळीशी त्याचा काही संबंध नव्हता!

हा घोटाळा आपल्या भाषेचा आहे. आपण जळजळीलाही पित्त म्हणतो आणि यकृताखालच्या पिशवीतल्या रसालाही पित्तच म्हणतो. घशाशी येते ते बहुधा जठरातले आम्ल. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे एक झडपेसारखा स्नायू असतो. तो ढिला पडला की आम्ल वर चढते. पित्ताशय काढल्याने ही झडप घट्ट होत नाही. दुर्बिणीचेही तसेच. तोंडातून नळी घालून आत पाहतात तीही दुर्बीण आणि पोटाला छिद्रे पाडून ऑपरेशन करतात तीही दुर्बीण. पहिली बहुधा नुसती तपासणी असते. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावे, “साहेब, कोणता अवयव? काढणार की शिवणार?”

जळजळीवरचे खरे ऑपरेशन वेगळे आहे. त्याचे नाव फंडोप्लिकेशन. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती मफलरसारखा गुंडाळून टाके घालतात. पडद्याचे भोक मोठे झाले असेल, म्हणजे हायटस हर्निया असेल, तर तेही शिवतात. हे ऑपरेशन रुडॉल्फ निसेन या जर्मन सर्जनचे. ते ज्यू होते म्हणून १९३३ साली हिटलरच्या राजवटीत त्यांना देश सोडावा लागला. माणसाची विद्या न पाहता जन्म पाहणारे कुठे नव्हते? ते इस्तंबूलला गेले. तिथे १९३६ मध्ये एका रुग्णाची अन्ननलिका जोडताना त्यांनी शिवण सुरक्षित राहावी म्हणून जठर तिच्याभोवती गुंडाळले. पुढे कित्येक वर्षांनी त्या रुग्णाची जळजळही गेल्याचे दिसले. त्यावरून १९५६ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. १९९१ पासून ती चार-पाच लहान छिद्रांतून होऊ लागली.

पण जळजळ आहे म्हणून लगेच ऑपरेशन, असे नाही. आधी तोंडातून दुर्बीण घालून तपासणी हवी. शक्यतो अन्ननलिकेचा दाब आणि चोवीस तासांत किती आम्ल वर येते, हेही मोजतात. या तपासण्या सगळीकडे होत नाहीत. गोळीने बरे वाटते पण गोळी सोडताच पुन्हा त्रास होतो, किंवा खाल्लेले सारखे वर येते, अशा रुग्णाला ऑपरेशनचा गुण चांगला येतो. गोळीने काडीचाही फरक पडत नसेल तर रोग दुसराच असण्याची शंका घ्यावी. छातीत दुखून घाम फुटला, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली तर पित्त समजून सोडा पीत बसू नये. तडक ईसीजी काढावा. काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे, वजन उतरणे यांतही दिवस घालवू नयेत.

ऑपरेशननंतरचे कोणी नीट सांगत नाही. काही आठवडे घास अडकल्यासारखा होतो. पेज, मऊ भात, पातळ वरण यांवर राहावे लागते, भाकरी नंतर. पोट फुगते, ढेकर सहज येत नाही, उलटीही होत नाही. बहुतेकांचे हे हळूहळू कमी होते, काहींचे राहते. काही वर्षांनी गोळी पुन्हा सुरू करावी लागलेलेही रुग्ण आहेत. आणि साधारण महिना-दीड महिना जड ओझे उचलायचे नाही. हमाली करणाऱ्या घरात याचा अर्थ चुलीपर्यंत जातो. तेव्हा औषधाच्या खर्चाबरोबर बुडणाऱ्या मजुरीचाही हिशोब आधी मांडावा.

आमच्या या बांधवांना आम्ही सरकारी रुग्णालयात घेऊन गेलो. दुर्बिणीत लहानसा हर्निया दिसला. डॉक्टरांनी विचारले, “गोळी कधी घेता?” “जेवल्यावर.” ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायच्या असतात! वर्षानुवर्षे त्यांना हे कोणी सांगितले नव्हते. शिवाय अंगदुखीवर रोज दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, तंबाखू आणि रात्री दहाला जेवून लगेच आडवे होणे. बाजेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवायला सांगितले. खडे दुखत नाहीत, तोवर त्यांना हात लावायची घाई नाही, असेही डॉक्टर म्हणाले.

नरसीकरांना हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे. मोठ्या तपासणीसाठी नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऑपरेशन ठरलेच तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटावे. आपले ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते का आणि कोणत्या रुग्णालयात, हे पैसे भरण्याआधी विचारावे. संमतीपत्र मराठीत मागावे, घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्यावे, मगच अंगठा किंवा सही.

दोन महिने झाले. बांधवांची रात्रीची जळजळ बरीच उतरली आहे. तंबाखू मात्र सुटलेली नाही, त्यांच्या पत्नीने आम्हाला विहारात सगळ्यांसमक्ष सांगितले. शेळ्या घरीच आहेत. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायला जायचे आहे.